मेहरचं मशीन

माझी भाची दात करते. खरे नव्हेत, कवळ्या. डॉक्टरांनी घेतलेले तोंडाचे ठसे तिच्याकडे येतात. त्यात ती प्लॅस्टर ओतते, साच्यावर मेण चढवते, मेणात एकेक दात बसवते, मग उकळत्या पाण्याने मेण काढून त्या जागी हिरड्यांसाठीचा गुलाबी मसाला दाबून भरते आणि शिजवते. शेवटी कानशीने घासून मशीनवर चकाकी आणते. मशीन म्हणजे एक मोटार, तिच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला दांडा आणि दांड्यावर कापडी चाक. चाकाला ओली भुकटी लावायची आणि कवळी धरायची. हात जरा सुटला तर कवळी भिंतीवर जाऊन फुटते.

हे मशीन तिचा मेहर होतं. निकाहात नवऱ्याने बायकोला जे द्यायचं कबूल करायचं तो मेहर, आणि तो तिच्या एकटीच्या मालकीचा. लग्न ठरलं तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली नुकतीच तयार झाली होती. पुरुष मंडळी बाहेर बसून दागिन्यांचं बोलत होती, तेवढ्यात आतून निरोप आला की मुलीला दागिना नको, पॉलिशचं मशीन हवं. बैठकीत हशा पिकला. मुलाचे चाचा घरं-जागा विकून देणारे दलाल, ते म्हणाले, "सून आणतोय की मिस्त्री?" तरीही निकाहनाम्यात लिहिलं गेलं: पॉलिशचं मशीन, एक, नवं. मला त्या दिवशी तिचा अभिमान वाटला होता. मी तो कुणाला बोलून दाखवला नाही. मी काहीच बोलून दाखवत नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

जावई दातांच्या डॉक्टरांना माल पुरवायचा. लग्नानंतर घराच्या मागच्या खोलीत काम सुरू झालं. एक खिडकी, एक बेसिन, एक लाकडी टेबल, टेबलाला बोल्टांनी आवळलेलं मशीन. ती करायची आणि तो स्कूटरवरून पोहोचवायचा. नऊ वर्षं हे चाललं. बाहेर सगळे म्हणायचे, याची लॅब फार चांगली. डॉक्टरांना वाटायचं, हाच करतो. त्यालाही हळूहळू तसंच वाटायला लागलं असावं.

मग एक दिवस एक डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या. जावई बाहेर होता. बाईंनी मागच्या खोलीत डोकावलं आणि त्यांना हाताला प्लॅस्टर लागलेली माझी भाची दिसली. त्या दिवसापासून बाई तिलाच फोन करू लागल्या. अमुक रुग्णाचा जबडा वाकडा आहे, तमक्याचं हाड झिजलंय, तुम्ही काय कराल? भाची वीस वीस मिनिटं बोलायची. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी तिच्या कामाबद्दल विचारत होतं.

"हसून हसून कुणाशी बोलतेस गं?" सासूने विचारलं.

"डॉक्टरीणबाई आहेत, अम्मी."

"आज बाई आहे. उद्या बाप्या असेल."

सासऱ्यांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "एका घरात एकच दुकानदार असतो." नणंद तिच्या सासरहून फोन करून आईला काय सांगायची ते मला माहीत नाही, पण फोन ठेवला की आईचा आवाज चढलेला असायचा. आणि नवरा म्हणायचा, "माझे डॉक्टर तोडतेस तू."

दीड महिना हे धुमसत होतं. एका सकाळी तो बेसिनपाशी दात घासत होता. भाची म्हणाली, "बाकीच्या डॉक्टरांनाही माझा नंबर देऊन ठेव. त्यांनी तुला सांगायचं, तू मला सांगायचं, त्यात निम्मं हरवतं." स्वयंपाकघरातून सासूचा आवाज आला, "दे बाबा एकदाचं उत्तर तिला. मर्द आहेस ना?" आणि तोंडात पेस्टचा फेस असतानाच त्याने तलाक हा शब्द उच्चारला. एकदा. मग चूळ भरली.

हे तिने मला फोनवर सांगितलं. नऊ वर्षं. निदान आधी चूळ तरी भरायची.

एकदा उच्चारलेला तलाक म्हणजे लगेच शेवट नव्हे. तीन पाळ्या होईपर्यंत इद्दत असते, तोवर बायको त्याच घरात राहते आणि नवऱ्याला तिला परत घेता येतं. डोकी थंड व्हावीत म्हणूनच तो काळ ठेवलाय. पण सासूने दुपारच्या आत माळ्यावरची बॅग काढून दारात ठेवली.

"ही कशाला, अम्मी?" भाचीने विचारलं.

"तुझी आहे. जा."

"इद्दत आहे माझी. ती याच घरात करायची असते. तुम्ही दर आठवड्याला बायका जमवून दीन-धर्म शिकवता ना? हे पान कधी उघडलंच नाही का?"

बहुतेक मुली अशा वेळी रडत माहेरी येतात. माहेरचेही म्हणतात, ये, कशाला त्यांच्या दारात राहतेस. मीही तेच म्हणालो होतो. ती म्हणाली, "मामू, मी आज उठून आले की उद्या हे सांगणार, स्वतःच निघून गेली. मी जाईन, पण माझ्या तारखेला." तिने आपली गादी मागच्या खोलीत टाकली. उशाशी प्लॅस्टरचे जबडे, पायाशी मेणाचं भांडं.

तिचे वडील वारलेले, आई म्हणजे माझी बहीण गुडघ्यांनी घरात बसलेली. त्यामुळे मीच दोन-तीन दिवसांनी जायचो. सासरच्यांनी तिच्याशी बोलणं बंद केलं होतं, पण तिच्याबद्दल बोलणं चालू होतं, तेही भिंतीला ऐकू जाईल अशा बेताने. "काही लोकांच्या अंगाला लाज चिकटतच नाही, तेलाचं अंग." खोलीची वीज मध्येच जायची, फक्त त्याच खोलीची. सासरे म्हणायचे, "फ्यूज जुना आहे." एकदा तिचं ताट बेसिनच्या खाली ठेवलेलं मी स्वतः पाहिलं. पाहिलं आणि काही बोललो नाही. बाहेर पडल्यावर अर्धा रस्ता मी मनातल्या मनात सासऱ्यांना काय काय सुनावलं! दारात उभा होतो तेव्हा मात्र म्हणालो होतो, "बरं, येतो मी."

भाची मात्र गप्प बसणारी नव्हती. सासूच्या तोंडातली कवळी तिनेच केलेली, फार सुरेख बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, "अम्मींच्या तोंडात माझे अठ्ठावीस दात आहेत, मामू. माझ्याच दातांनी मला चावतात." पलीकडे भांडं आदळलं. "आणि बोलायला लागल्या की मी मशीन सुरू करते. एवढं काम माझं कधी उरकलं नव्हतं." ती हसली, पण तिच्या हातातली कानस थांबली नव्हती, आणि ती ज्या जोराने घासत होती ते पाहून मला त्या कवळीची काळजी वाटली.

जावई संध्याकाळी त्या खोलीच्या दाराशी घुटमळायचा. ठसे आणून द्यायचे असायचे, पण पिशवी ठेवल्यावरही तो जायचा नाही. एकदा म्हणाला, "पंखा नीट चालतो ना?" हे त्याच्या आईच्या नजरेतून सुटलं नाही. मुलाने तिला परत घेतलं तर? चारच दिवसांत मला बैठकीचा निरोप आला. दोन्हीकडचा एकेक माणूस बसवून सलोखा करावा असं आपल्याकडे सांगितलेलंच आहे. त्यांच्याकडून चाचा, आमच्याकडून मी. आमच्याकडे दुसरा पुरुष नव्हता.

रविवारची दुपार. पुढच्या खोलीत सोफा, समोर काचेचं टेबल, चहा, बिस्किटं. आतून मशीनचा आवाज येत होता. चाचा माझ्याशेजारी येऊन बसले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मामूसाहेब, तुमच्यासारखी सरळ माणसं आता शोधून सापडत नाहीत."

मी म्हणालो, "नाही, तसं काही नाही."

"आपण दोघं वडीलधारे. आपण मिटवायचं नाही तर कुणी? मुलं तापट आहेत. मी सगळं लिहून आणलंय, तुम्हाला त्रास नको." त्यांनी टाइप केलेला कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. वाचायला म्हणजे काय, ओळींवरून स्कूटर नेल्यासारखं. "...दोन्ही पक्षांनी राजीखुशीने... वडीलधाऱ्यांच्या साक्षीने... यापुढे एकमेकांबद्दल तक्रार राहणार नाही... वगैरे वगैरे. ठीक?"

मला वाटलं, सलोख्याचा कागद आहे. माझा चष्मा खिशात होता. तो काढून कागद हातात घेतला असता तर त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं. चहाही त्यांचाच पीत होतो. सासरे समोर बसून माझ्याकडे बघत होते, जावई जमिनीकडे बघत होता. तो जमिनीकडे का बघतोय हे मी स्वतःला विचारायला हवं होतं. मी सही केली.

मग मागच्या खोलीच्या दारावर टकटक केली. "झालं, बेटा. मिटलं सगळं." आणि तिच्यासाठी दिलेली प्रत तिच्या हातात ठेवली.

तिने मशीन बंद केलं. हात न पुसताच वाचायला लागली. कागदावर तिच्या बोटांचे पांढरे ठसे उमटत गेले. मग तिने एक ओळ मोठ्याने वाचली. "'पत्नीने स्वतःहून खुला मागितला असून मेहरची वस्तू परत करण्यास ती राजी आहे.' मामू, मी कधी मागितला?"

खुला म्हणजे बायकोने मागितलेली सुटका. त्यात मेहर परत करावा लागतो, आणि मग इद्दतीत परत घेण्याचाही प्रश्न उरत नाही. एका ओळीत त्यांनी तलाक पुसला, परतीची वाट बंद केली आणि मशीन काढून घेतलं. नंतर कळलं की त्या मशीनवर बसवायला पगारी कारागीरही त्यांनी बघून ठेवला होता.

"मला वाटलं..." मी म्हणालो.

"तीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेचे मीटर वाचलेत तुम्ही. टॉर्च धरून वाचलेत. हे एक पान वाचता आलं नाही?"

"चाचांनी वाचून दाखवलं."

"चाचांनी!" ती एवढ्या जोरात ओरडली की पुढची खोली शांत झाली. "चोराने सांगितलं पेटी रिकामी आहे, आणि तुम्ही मान हलवलीत! तो शब्द त्याने उच्चारला, मी नाही. त्याच्या आईने उच्चारायला लावला. आणि कागदावर कोण? मी! आता उद्या गावभर हेच, की हिलाच नको होता. माझं काम जाणार मामू, कळतंय का? मशीनशिवाय मी काय, लोकांना खडबडीत कवळ्या देऊ? तोंडं सोलून निघतील त्यांची."

"मला माफ कर."

"तुम्ही सज्जन आहात, तीच तर भीती आहे. वाईट माणसाला निदान सांगता येतं, नको करू."

मी उभाच राहिलो. तिने मशीन सुरू केलं. म्हणजे मी जावं.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच चाचांच्या ऑफिसात गेलो. भिंतीवर इमारतींचे नकाशे, टेबलावर चाव्यांचे जुडगे. कागद परत द्या, मी न वाचता सही केली, एवढंच वाक्य मी बसमध्ये घोकत गेलो होतो. ते मी बोललो, अडखळत का होईना. चाचा खुर्चीत मागे रेलून हसले.

"सही परत मिळत नसते, मामूसाहेब. ती काय विसरलेली छत्री आहे? आणि न वाचता सही केली हे कुणाला सांगू नका. लोक हसतील."

त्यांनी मला जिन्यापर्यंत सोडलं, तेही हाताला धरून, म्हाताऱ्याला धरतात तसं. तेव्हा मला राग आला. आधी येत होता तो मनातला राग. हा वेगळा होता. मला हसणार म्हणून मी गप्प बसेन, हे त्या माणसाने अगदी बरोबर ओळखलं होतं.

त्या कागदाच्या नोंदीसाठी सगळ्यांना काझीसाहेबांनी बोलावलं ते चार दिवसांनी. लहानसं ऑफिस, लोखंडी कपाटं, रजिस्टरं. काझीसाहेब गरम पाण्याचे घोट घेत होते, घसा बसला होता. एका बाजूला चाचा, सासरे आणि जावई. दुसऱ्या बाजूला भाची आणि मी, मध्ये एक रिकामी खुर्ची सोडून. रविवारपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. फक्त फोनवर म्हणाली होती, "यायचं, आणि जे केलंत ते सांगायचं."

काझीसाहेबांनी कागद वाचला. शेवटपर्यंत, सावकाश. "खुला असेल तर बाईच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी लिहीत नाही. बेटा, तू मागितलास?"

"नाही."

चाचा लगेच पुढे सरकले. "रागात आहे ती, काझीसाहेब. त्या बैठकीत तिच्या बाजूने तिचे मामू होते. सगळं ऐकून सही केलीय त्यांनी. विचारा की. ते खोटं बोलणाऱ्यातले नाहीत."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून उभा राहिलो, उभं राहायची काही गरज नव्हती.

"सही माझी आहे," मी म्हणालो. "मी कागद वाचला नाही. चष्मा खिशात होता, काढला नाही. या मुलीने काही मागितलेलं नाही. मी खोट्या कागदावर सही केली."

"म्हणजे काय? तुम्ही वडीलधारे असून..." चाचा सुरू झाले.

"वडीलधारा नाही, मूर्ख आहे," मी म्हणालो. आवाज चिरकला. "हसा. तुम्ही म्हणाला होता ना, लोक हसतील? हसा आता. पण मशीन तिचं आहे. तलाक याने दिलाय. याला विचारा ना! एवढा वेळ सगळे मलाच काय विचारताय? शब्द याच्या तोंडातून निघालाय!"

एवढं मोठ्याने मी माझ्या निकाहातही बोललो नव्हतो. कुणी हसलं नाही. काझीसाहेबांनी पेला खाली ठेवला आणि जावयाकडे वळले. "तू उच्चारलास?"

तो वडिलांकडे बघायला लागला.

"त्यांच्याकडे नको," भाची म्हणाली. "तेव्हा तोंडात फेस होता, तरी शब्द फुटला होता. आता तर तोंड रिकामं आहे."

"उच्चारला," तो म्हणाला. "एकदा."

"तिने खुला मागितला होता?"

"नाही."

काझीसाहेबांनी कागदावर आडवी रेघ मारली. मग जावयाला म्हणाले, "इद्दत अजून बाकी आहे. तिला परत घ्यायचं असेल तर तेही तुझ्या हातात आहे. विचार कर." त्याने पुन्हा वडिलांकडे पाहिलं. भाचीने ते पाहिलं. माझ्या मते तिच्या बाजूने त्या क्षणी सगळं संपलं. मला उगाच वाटत होतं की तोपर्यंत कुठेतरी काहीतरी शिल्लक होतं, आणि मी वेळेवर चष्मा काढला असता तर कदाचित... पण हे मी तिला विचारलेलं नाही. विचारायचा मला हक्कही नाही.

तिने तिन्ही पाळ्या त्या खोलीत मोजल्या. इद्दत संपली त्या सकाळी मी टेम्पो आणि दोन हमाल घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दवाखान्यामागची खोली तिला भाड्याने दिली होती.

सासू दारातच उभी. "मशीन न्या. टेबल आमचं आहे."

"टेबल ठेवा, अम्मी. त्यावर जेवा," भाची म्हणाली आणि पाना घेऊन टेबलाखाली शिरली. चार नट होते. तीन निघाले. चौथ्याला गंज चढला होता. ती आडवी पडून जोर लावत होती, कपाळावर गंजाची भुकटी पडत होती, पण नट हलेना. हमाल म्हणाला, "ताई, द्या इकडे." तिने दिला नाही.

जावई येऊन वाकला. हातात तेलाचा डबा. "थांब. थोडं तेल घालतो."

"नऊ वर्षं घातलं नाहीस," टेबलाखालून आवाज आला. "आता कशाला?"

तो डबा घेऊन तसाच उभा राहिला. तिने छिन्नी मागितली, हातोडी मागितली. मी दिली. आठ-दहा घाव घातले, आणि नट तुटून फरशीवर पडला. सासूने त्या आवाजाने कान झाकले. भाची बाहेर आली, हात झटकले, कुणाकडे पाहिलं नाही. हमालांना एवढंच म्हणाली, "दांडा वाकू देऊ नका. मोटारीखाली हात घाला."

मशीन टेम्पोत चढलं. साच्यांच्या दोन पेट्या, गादी, मेणाचं भांडं. मी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो आणि तिच्यासाठी सरकून जागा केली होती. ती आली, जागा पाहिली, मला पाहिलं.

"तुम्ही बसा नीट," ती म्हणाली, आणि मागे चढून मशीनला धरून बसली.